'तिकडे' म्हणजे नेमके कुठे?

"तिकडे जाऊन बघा, मग कळेल इथे किती सुखात आहात." हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी ऐकलेले असते. एस.टी.त, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत. बोलणाऱ्याला उत्तर नको असते, आपले गप्प बसणे हवे असते. पण प्रश्न कोणत्याही हेतूने आला तरी तो प्रश्न म्हणून घ्यावा, ही मास्तरकीची सवय. दोन गरीब देशांतले जगणे एकमेकांशी ताडून पाहता येते का? आणि पाहायचे ते कशासाठी?

यासाठी आज जे माप वापरले जाते ते महबूब उल हक या अर्थतज्ज्ञाच्या आग्रहातून आले. 1934 साली जम्मूत जन्मलेला हा माणूस फाळणीनंतर पाकिस्तानात गेला, पुढे तिथला अर्थमंत्री झाला. केंब्रिजला त्याचा दोस्त होता अमर्त्य सेन. देशाची दौलत मोजून माणसाचे जगणे कळत नाही, यावर दोघांचे एकमत होते. पण जगण्याला एकच आकडा लावणे सेन यांना भोंगळ वाटत होते. हक यांचे म्हणणे असे, की उत्पन्नाचा एकच आकडा जगावर राज्य करतो, त्याला पाडायला दुसरा एकच आकडा लागेल. 1990 साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने मानव विकास निर्देशांक काढला. त्यात उत्पन्नाबरोबर आयुर्मान आणि शिक्षण आले. फाळणीने दोन बाजूंना टाकलेल्या दोन दोस्तांनी मिळून हे माप घडवावे, याचे मला नेहमी अप्रूप वाटते.

आता या मापाने 'तिकडे' पाहू. 2025 च्या अहवालात 193 देशांत भारत 130 वा आहे. बांगलादेशही 130 वाच. पाकिस्तान 168 वा. उत्पन्नात भारत बांगलादेशापेक्षा थोडा पुढे, पण सरासरी आयुष्य आपल्याकडे 72 वर्षे आणि तिथे 74 च्या वर. म्हणजे 'तिकडे' एक नाही, दोन आहेत, आणि दोघांची उत्तरे वेगळी आहेत. दोन्ही मुस्लिमबहुल, 1971 पर्यंत तर एकच देश. मागासलेपणाचे खापर मजहबवर फोडणाऱ्यांनी ही जोडी जरूर पाहावी. सारे श्रेय मजहबला देणाऱ्या आपल्या मंडळींनीही पाहावी.

आम्हा चंदगडकरांना अशी तुलना अवघड जाऊ नये. 1956 पर्यंत हा तालुका बेळगाव जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेत बाकी जिल्हा म्हैसूर राज्याकडे गेला, चंदगड तेवढे मुंबई राज्यात राहिले आणि कोल्हापूरला जोडले गेले. पाऊस तोच, भात तेच, सोयरीकही तीच. अशा दोन बाजूंत पुढे जो फरक पडतो, त्याचा जाब सरकारला आणि समाजाच्या कामाला विचारावा लागतो. रक्ताला नाही.

बांगलादेशात काय घडले याचे एकच उदाहरण देतो. हगवणीने मुले मरत. 1980 पासून दहा वर्षे ब्रॅक या संस्थेच्या बाया खेडोपाडी दारोदार फिरल्या आणि सुमारे 1 कोटी 20 लाख घरांत आयांना एक कृती शिकवली. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. मोजमापाचे भांडे नाही, डॉक्टर नाही. गूळ तर आमच्या जिल्ह्याची शान, पण त्याने मूल वाचते हे आमच्या किती घरांत कुणी येऊन सांगितले? मला शिक्षक म्हणून याहून मोठी गोष्ट वाटते ती पगाराची. काही दिवसांनी दुसरे कुणी जाऊन त्या आईला विचारी, तिला काय आठवते? जितके आठवे त्या प्रमाणात शिकवणारीला मोबदला. बी.एड.ला मूल्यमापनावर इतके लिहिले, पण असा हिशेब कुठे भेटला नाही. आमच्यावर तो लागू झाला तर शिक्षक संघटना काय म्हणतील, तो भाग वेगळा!

याच बांगलादेशात 2013 साली सावर इथे राणा प्लाझा कोसळून 1,100 हून अधिक कामगार गाडले गेले. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावले गेले. त्या बायकांच्या मजुरीने देशाचा आकडा वर गेला होता. सरासरी आयुष्य वाढले म्हणून त्यांचे आयुष्य भरून येत नाही.

मग 'सुखात आहात का' हे थेट माणसालाच विचारावे, असे कुणी म्हणेल. तिथेही गोची आहे. सेन यांनीच दाखवले आहे, की केरळात लोक सर्वांत जास्त जगतात आणि आजाराच्या तक्रारीही तेच सर्वांत जास्त सांगतात. बिहारात आयुष्य कमी, तक्रारीही कमी. ज्याने दवाखाना पाहिलाच नाही, तो दुखण्याला नशीब म्हणतो.

इथे आपल्या घरातली शिकवण आडवी येते. दुनियेच्या बाबतीत आपल्याहून खालच्याकडे पाहावे आणि शुक्र मानावा, हे वडीलधाऱ्यांनी आपल्याला शिकवले. ती शिकवण मला प्यारी आहे. पण शुक्र मी माझ्या ताटाचा मानायचा असतो. शेजारच्या पोराच्या रिकाम्या ताटाकडे पाहून मी शुक्र मानू लागलो, तर त्याला सब्र म्हणत नाहीत. आणि 'तिकडे बघा' म्हणणारा तर दुसऱ्याच्या वतीने शुक्र मानत असतो.

सच्चर समितीने 2006 साली केलेली तुलना म्हणून मला अधिक इमानदार वाटते. तिने या देशातल्या मुसलमानाला कराची-ढाक्याशी नव्हे, त्याच्याच गल्लीतल्या शेजाऱ्याशी ताडले. 2001 च्या जनगणनेत देशाची साक्षरता सुमारे 65 टक्के, मुसलमानांची 59. महाराष्ट्रात मात्र आपली साक्षरता राज्याच्या सरासरीहून थोडी जास्तच निघाली. हे ऐकून खूश होणारे पालक मला भेटतात. त्यांना मी म्हणतो, साक्षर म्हणजे एखाद्या भाषेत समजून लिहिता-वाचता येणारा, एवढेच. आता दहावीच्या हजेरीपटावरची आपली नावे मोजा, मग बारावीनंतरची, आणि शेजारच्या मराठी शाळेतल्या पोरांचीही तशीच मोजा.