युरेनियमची फूट आणि जन्माचा दाखला

एखाद्या गोष्टीचे खरेखोटेपण ती कोण सांगतो यावरून ठरवावे काय? ग्रंथ, परंपरा किंवा गुरू यांच्या नावावर काही मानू नका, स्वतः पारखा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. विज्ञानात तरी हे नेहमी पाळले जाते काय?

१९३४ साली रोममध्ये फर्मी यांनी युरेनियमवर न्यूट्रॉनांचा मारा केला. युरेनियमहून जड अशी नवी मूलद्रव्ये तयार झाली, असा समज पसरला. इडा नोडाक या जर्मन रसायनशास्त्रज्ञ बाईंनी त्याच वर्षी शंका काढली की, अणुकेंद्र फुटून त्याचे मोठे तुकडे झाले असतील, तर? फर्मींचे नाव मोठे. बाईंकडे कोणी लक्ष दिले नाही. (त्यांनी स्वतःही प्रयोग करून पाहिला नाही, हेही खरे.) चार वर्षे अशीच गेली.

डिसेंबर १९३८ मध्ये बर्लिनला ऑटो हान व फ्रिट्झ स्ट्रासमान यांना मारा केलेल्या युरेनियममध्ये बेरियम आढळले. युरेनियमच्या केंद्रात ९२ प्रोटॉन, बेरियमच्या केंद्रात अवघे ५६! त्यांचा विश्वास बसेना. पण परीक्षा पुनःपुन्हा तेच सांगे. हान यांनी पत्र लिहून विचारले ते लीझ माइटनर यांना.

माइटनरबाई हान यांच्या तीस वर्षांच्या सहकारी. पण त्या वेळी स्वीडनमध्ये निर्वासित होत्या. जन्म ज्यू कुळातला. १९०८ सालीच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. नाझी कायद्याला त्याचे काय? तो आजी-आजोबा कोण, एवढेच विचारी. १९३३ मध्ये विद्यापीठात शिकविण्याचा हक्क गेला, जुलै १९३८ मध्ये देश सुटला. धर्म बदलला तरी जुन्या जातीची चौकशी कशी होते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

नाताळात भाचे ऑटो फ्रिश यांच्यासह बर्फातून फिरताना बाईंनी कागदाच्या कपट्यावर हिशेब मांडला. केंद्र पाण्याच्या थेंबासारखे ताणले जाऊन दुभंगते. तुकड्यांचे एकूण वस्तुमान किंचित कमी भरते. त्या तुटीची ऊर्जा होते, एका केंद्रामागे सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट. बेरियमचा जोडीदार कोण? ९२ वजा ५६ म्हणजे ३६, अर्थात क्रिप्टॉन.

रसायनशास्त्राचे १९४४ चे नोबेल एकट्या हान यांना मिळाले. हा धडधडीत अन्याय होय, असे माझे मत आहे.

युद्धकाळात अणुबॉम्बच्या कामासाठी माइटनरबाईंना बोलावणे आले. ज्या हिटलरशाहीने त्यांना देशोधडीला लावले, तिच्या धास्तीनेच ते काम सुरू झाले होते. बॉम्बशी आपला काहीही संबंध नको, असे सांगून त्यांनी नकार दिला.