नर्तिका कोण घडवते?

अ‍ॅना पावलोव्हा म्हटले की रसिकांना 'मरणारा हंस' आठवतो. नृत्यरचनाकार फोकिनने बसवलेली काही मिनिटांची ती एकल रचना तिच्या नावाशी कायमची जोडली गेली. मला मात्र तिच्या आयुष्यातले सर्वांत मोलाचे वर्ष १८९१ वाटते. सेंट पीटर्सबर्गमध्ये लोकांचे कपडे धुऊन संसार चालवणाऱ्या बाईची ही अशक्त मुलगी त्या वर्षी झारच्या नृत्यशाळेत दाखल झाली. वय कमी म्हणून आधी तिला परत पाठवले होते. दहाव्या वर्षी मात्र शाळेने तिला घेतले आणि तिच्या शिक्षणाचा भार सरकारी तिजोरीने उचलला.

ही शाळा तिच्यासाठी उघडलेली नव्हती. ती १७३८पासून चालू होती. दीडशे वर्षे कुणीतरी शिक्षकांचे पगार दिले, मुलांचे अंथरूण-पांघरूण पाहिले, वाद्ये आणि तालमीच्या खोल्या सांभाळल्या, म्हणून पावलोव्हा आली तेव्हा दार उघडे होते. तिचे घोटे बारीक होते, पावलाची कमान फार उंच होती. त्या काळी गाजणाऱ्या इटालियन नर्तिकांची दणकट कसरत तिला पेलणारी नव्हती. तिचे गुरू पावेल गेर्ट यांनी तिला त्या कसरतीमागे लागू दिले नाही; तिचा नाजूकपणा हेच तिचे बळ आहे, असे समजावले. असा सल्ला एखाद्या शिबिरात मिळत नाही. एकाच मुलीला वर्षानुवर्षे रोज पाहणारा, पोटापाण्याची विवंचना नसलेला गुरू लागतो. १८९९ साली ती मारिइन्स्की रंगमंचावर आली आणि १९०६ साली प्रिमा बॅलेरिना, म्हणजे प्रमुख नर्तिका, झाली. तिथल्या नर्तकांना वीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतन मिळे. शरीर लवकर थकवणाऱ्या कलेत ही तरतूद किती शहाणपणाची होती!

पावलोव्हा पुढे ती चौकट सोडून जगभर हिंडली. १९२२-२३च्या दौऱ्यात ती भारतातही येऊन गेली. १९२३ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये तरुण उदय शंकरसोबत तिने राधा-कृष्णाचे नृत्य सादर केले. त्याला आणि पुढे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांना तिने त्यांच्याच देशाच्या नृत्याकडे वळायला सांगितले. मुंबईत लीला सोखी, म्हणजे मादाम मेनका, यांनाही तिचे प्रोत्साहन लाभले.

मेनकांच्या पथकातच आपली कथक नर्तिका दमयंती जोशी घडली. १९२८ साली मुंबईत जन्मलेली ही मराठी मुलगी दहा वर्षांची होण्याआधीच त्यांच्यासोबत युरोपच्या दौऱ्यावर गेली. मेनकांनी तिला पोटच्या मुलीसारखे वाढवले. आई वत्सलाबाईही सोबत राहिल्या. सीताराम प्रसाद, अच्छन महाराज, लच्छू महाराज, शंभू महाराज असे गुरू तिला मिळाले. १९७० साली पद्मश्री मिळाली. दमयंतीबाईंचे कर्तृत्व मोठेच आहे. पण त्या घडल्या एका बाईच्या मायेवर आणि खर्चावर. मेनकांनी खंडाळ्याला नृत्यालय काढले, पण ते त्यांच्यामागे उभे राहिले नाही. १९४७ साली त्या गेल्या. पुढच्या दमयंतीने कुठे जायचे होते?

हा प्रश्न बंगळूरच्या माया राव यांनी ओळखला होता, असे मला वाटते. मल्लेश्वरमच्या कोंकणी घरातली ही मुलगी कथक शिकली आणि १९६० साली शिष्यवृत्तीवर मॉस्कोला गेली. तिथे त्या नृत्यरचनेचे शास्त्र शिकल्या. १९६४ साली परतल्यावर त्यांनी पहिले काम केले ते नृत्यरचना शिकवणारी संस्था उभारण्याचे, आधी दिल्लीत आणि १९८७पासून बंगळूरमध्ये. त्या २०१४ साली गेल्या; त्यांनी तयार केलेल्या शिष्या आज शिकवत आहेत. रशियातून आणण्यासारखी वस्तू बॅलेची पावले नव्हती, शाळा होती. माया रावांनी ती आणली.

मी बंगळूरच्या इंदिरानगरात राहतो. शंभर फुटी रस्त्याच्या आसपास भरतनाट्यमपासून बॅलेपर्यंत सगळ्याचे वर्ग भरतात, आणि मुली मन लावून शिकतात. पण शिकणे फीवर चालते आणि दहावी जवळ आली की बहुतेकींचे थांबते. त्याच रस्त्यांच्या कडेला झाडाखाली इस्त्रीच्या गाड्या असतात. त्या गाडीवर राबणाऱ्या बाईची मुलगी मोटप्पनपाळ्याच्या गल्लीतून या वर्गांच्या दारापर्यंत येईल असा रस्ता आपण आखलेलाच नाही. पावलोव्हाची आई याच कष्टाची बाई होती.

गुणवत्तेची वाण नाही. मुंबईचा अमिरुद्दीन शाह वेल्डरचा मुलगा. येहुदा माओर या शिक्षकाच्या नजरेस पडला आणि २०१७ साली लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये पोचला. त्याच्या खर्चासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली. एका मुलासाठी वर्गणी निघते. दरवर्षी येणाऱ्या मुलांसाठी निधीच हवा.

सरकारी छत्राची किंमतही असते, हे मी विसरत नाही. रशियन नर्तिका माया प्लिसेत्स्कायाच्या वडिलांना स्टालिनच्या राजवटीने १९३८ साली ठार केले, आईला छावणीत डांबले. मुलीला मॉस्कोच्या बोल्शॉय रंगमंचाने नाचू दिले, पण १९५६च्या लंडन दौऱ्यातून तिला वगळले. घडवणारा हात बांधूनही ठेवू शकतो. म्हणून पैसा सरकारचा, समाजाचा, उद्योगांचा असा अनेक ठिकाणचा असावा आणि कारभार कलावंतांच्या हाती असावा.

आपल्या मंडळांनी आणि बंगळूरमधल्या मराठी उद्योजकांनी गणेशोत्सवातल्या एका कार्यक्रमाचा खर्च बाजूला काढून एका मुलीची आठ वर्षांची फी, प्रवास आणि दूध उचलावे. पुढच्या वर्षी दुसरीची. त्यातली एखादीच प्रिमा होईल, कदाचित एकही नाही. तरी हा पैसा वाया जाणार नाही, कारण त्यातून शिक्षिका तयार होतील, आणि शाळा शिक्षिकांवरच उभी राहते.