देणाऱ्याचा हात

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील ज्या सज्जनांना अर्पण केले, त्यांच्या अगदी विरुद्ध टोकाचा माणूस म्हणून रॉजर टॉनीचे नाव इतिहासात राहिले आहे. ॲनापोलिस येथील त्याचा पुतळा २०१७ साली हलवण्यात आला. हलवला ते योग्यच झाले. पण या माणसाला दुष्ट म्हणून निकालात काढणे मला काही साधत नाही.

त्याचा जन्म १७७७ सालचा, मेरीलँडमधल्या तंबाखूच्या मळ्यावरचा. मळा थोरल्या भावाकडे जाणार, म्हणून हा वकील झाला. १८१८ साली जेकब ग्रूबर नावाच्या मेथॉडिस्ट धर्मोपदेशकाने गुलामगिरीविरुद्ध प्रवचन केले. श्रोत्यांत गुलामही होते. त्यांना बंडाची चिथावणी दिली, असा ग्रूबरवर खटला झाला. पुढल्या वर्षी फ्रेडरिकच्या कोर्टात टॉनी त्याच्या बाजूने उभा राहिला आणि गुलामगिरी हा राष्ट्राच्या चारित्र्यावरचा डाग आहे, असे त्याने भर कोर्टात सांगितले. तेही गुलाम बाळगणाऱ्या मुलखातल्या ज्यूरीपुढे! ग्रूबर सुटला. त्याच सुमारास टॉनीने स्वतःच्या गुलामांना मुक्त करायला सुरुवात केली. म्हाताऱ्यांना तो दरमहा पैसेही देत असे.

हाच टॉनी १८३६ साली अमेरिकेचा सरन्यायाधीश झाला. ड्रेड स्कॉट नावाच्या गुलामाला त्याच्या धन्याने, एका लष्करी डॉक्टरने, गुलामगिरीला बंदी असलेल्या मुलखात काही वर्षे ठेवले होते. त्या आधारावर स्कॉटने १८४६ साली स्वातंत्र्य मागितले. ६ मार्च १८५७ रोजी, वयाची ऐंशी पुरी व्हायला अकरा दिवस उरले असताना, टॉनीने निकाल वाचला. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांचे वंशज, मग ते मुक्त असोत वा नसोत, नागरिक नव्हेत. गोऱ्या माणसाने मानलाच पाहिजे असा कोणताही हक्क घटनाकारांनी त्यांना दिलेला नाही. सात विरुद्ध दोन. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती कर्टिसने दाखवून दिले, की राष्ट्र उभे राहिले तेव्हा पाच राज्यांत मुक्त काळे लोक मतदार होते.

म्हातारपणी माणूस बदलला, असे म्हणून पुष्कळजण हा गुंता सोडवतात. मला ते पटत नाही. १८३२ साली, ॲटर्नी जनरल असताना, टॉनीने लिहून ठेवले होते, की मुक्त काळ्यांना ज्या सवलती मिळतात त्या दयेपोटी. हक्क म्हणून नव्हेत. हे वाचले की दोन टॉनी उरत नाहीत, एकच उरतो. गुलाम सोडले तेव्हा द्यायचे की नाही, हे त्याच्या हातात होते. स्कॉट मात्र मागायला आला होता, आणि तोही कोर्टाच्या दारातून!

हा स्वभाव काही मेरीलँडचाच नव्हे. दिवाळीत घरकामाच्या बाईंना पोस्त आणि फराळाचा डबा देताना आपण किती मोकळ्या हाताचे असतो! त्याच बाई भाऊबीज उलटल्यावर “ताई, पगार वाढवा” म्हणाल्या, की ताईंचा चेहरा पाहावा. तुलना फार मोठी झाली, हे कबूल. पण रोपटे त्याच जातीचे आहे.

मग दया खोटी का? तसेही म्हणवत नाही. टॉनीने ज्यांना सोडले, त्यांना त्याच जन्मी स्वातंत्र्य मिळाले. हक्काची वाट पाहत ते राहिले असते, तर त्यांतले कितीजण मोकळे होऊन मेले असते? त्यांच्यापुढे उभे राहून ‘दया नको, न्याय हवा’ हे सांगण्याचे धैर्य मला तरी होणार नाही.

स्कॉटचे काय झाले, ते सांगायचे राहिलेच. निकालानंतर तीन महिनेही झाले नव्हते, तोच त्याच्या पहिल्या धन्याच्या मुलाने, टेलर ब्लोने, स्कॉट, त्याची बायको हॅरिएट आणि दोघी मुली यांना आपल्या नावावर करून घेतले आणि मुक्त केले. सर्वोच्च न्यायालयाने जे नाकारले, ते एका गोऱ्या गृहस्थाच्या मायेने एका कागदावर मिळाले. पुढल्या वर्षीच्या सप्टेंबरात स्कॉट वारला. टॉनी १८६४ साली गेला. जन्माने नागरिकत्व देणारी घटनादुरुस्ती १८६८ साली झाली. हॅरिएट तेव्हा हयात होती.