दुधाचे नाते

माझ्या धाकट्या बहिणीला सातव्याच महिन्यात मुलगा झाला. बाळ काचेच्या पेटीत अन् ती बाहेर बाकावर. धसक्याने दूध उतरेना. शेजारची बाळंतीण म्हणाली, "आपा, माझे द्या ना." अम्मी दचकली. "मग हिची मुलगी त्याची दूधबहीण! उद्या निकाहच्या वेळी कोणाला आठवणार?"

अम्मीची भीती अडाणीपणाची नव्हती. दूधबहिणीशी निकाह कुरआनने हराम ठरवला आहे. आम्हा हनफींत घोटभर दुधानेही नाते जुळते, कोकणातल्या शाफईंत पाच वेळा पाजावे लागते. सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली दुग्धपेढी काढली. पेढीत अनेक मातांचे दूध एकत्र होते, नाव उरत नाही. म्हणूनच १९८५ मध्ये जेद्दाच्या फिकह अकादमीने अशा पेढ्यांना मनाई केली होती. २०२४ मध्ये कराचीतली पेढीही थांबली.

पण अपुऱ्या दिवसांच्या बाळाला पावडरच्या दुधाने आतड्याच्या जीवघेण्या आजाराचा धोका वाढतो. मग काय करावे? हजरत हलीमांचे दूध प्यालेल्या आपल्या पैगंबरांनी (स.) ते नाते आयुष्यभर आदराने जपले. दुधाचे नाते हे संकट नव्हे. ते विसरणे हे संकट. विसरू नये म्हणून तर लेखणी आहे!

डॉक्टरांनी त्या बाईची तपासणी केली. अब्बांनी दोन्ही घरांची नावे वहीत लिहिली. चौथ्या दिवशी बहिणीला आत बसू दिले, बाळ छातीशी दिले, आणि तिलाही चीक उतरला. हे पहिल्याच दिवशी करता आले नसते का?

आज भाच्याला दोन अम्मी आहेत. वही माझ्याकडे आहे.