तोच समुद्र, पुन्हा

आज एका प्रवासावर मन ठेवू या. घाई नको. स्वस्थ बसा, दोन-चार श्वास येऊ-जाऊ द्या. हा प्रवास वर्ध्याजवळच्या एका खेड्यात पोचतो. पण तिथवरचा वळसा फार मोठा आहे, आणि आपल्याला तो वळसाच नीट पाहायचा आहे.

सुरुवात इंग्लंडातली. डॉर्किंगजवळ मिल्टन हीथ नावाचं एक ऐसपैस घर, भोवती झाडं, कुरणं, घोडे. हे आजोबांचं घर. 1892 साली जन्मलेली मॅडेलिन स्लेड इथं वाढते. वडील एडमंड स्लेड ब्रिटिश आरमारात अधिकारी. मुलीला माणसांच्या गर्दीपेक्षा जनावरांची सोबत जास्त आवडते. गादीवर सातवा एडवर्ड आहे. 1909 साली वडिलांची ईस्ट इंडीज विभागाच्या आरमारप्रमुखपदी नेमणूक होते आणि कुटुंब मुंबईच्या वाटेला लागतं. मॅडेलिन तेव्हा सोळा-सतरा वर्षांची.

अशा घरांचा प्रवास त्या काळी कसा होई, ते डोळ्यांपुढे आणा. ट्रंका कोणीतरी भरतं, कोणीतरी उचलतं. बिस्केच्या उपसागराचे हेलकावे टाळायचे म्हणून बरेच श्रीमंत प्रवासी फ्रान्स रेल्वेने ओलांडून मार्सेलला बोटीत चढत. मग पोर्ट सैद, 1869 साली खुला झालेला सुएझचा कालवा, तांबड्या समुद्राची काहिली, एडन, आणि पुढे अरबी समुद्र. वरच्या डेकवर छताखाली आरामखुर्च्या. जेवणाची वेळ झाली की घंटा. अशा घरातल्या मुलानं फक्त हजर राहायचं.

आता मन हळूच त्या बोटीच्या खालच्या मजल्यांकडे न्या. जेवणघरात ताटं फिरवणारे बरेच जण गोव्याचे असत. डेक धुणारे, दोर ओढणारे कितीतरी खलाशी रत्नागिरीकडचे. त्याहून खाली, भट्टीत कोळसा टाकणारे, घामानं निथळणारे. म्हणजे ज्या देशाकडे ही बोट निघाली आहे, त्याच देशाची माणसं ती चालवत आहेत. वर बसलेल्या मुलाला ती दिसतही असतील, पण ओळख व्हायला कारणच पडत नाही. इथं थोडं थांबा. मुलाचा दोष शोधू नका. त्याला फक्त सोयीनं वेढलेलं आहे, एवढंच पाहा.

मुंबईला उतरल्यावरही वेढा सुटत नाही. अपोलो बंदरावर गेटवे ऑफ इंडिया अजून उभा राहिलेला नाही. आरमारप्रमुखाच्या घरी मेजवान्या, भेटीगाठी, समारंभ. मॅडेलिनचा जीव त्यात रमत नाही. हिंदुस्थानात राहूनही तिच्या वाट्याला येतो तो साहेबलोकांचा हिंदुस्थान. ती परत जाते.

त्याच वर्षांत मुंबईहून नागपूरकडे जाणारी आगगाडी वर्ध्याला थांबत होती. 1867 साली ती लोहवाट नागपूरला पोचली होती, आणि वर्धा हे कापसाच्या व्यापाराचं गाव झालं होतं. पहिल्या वर्गाच्या डब्यातून रात्री इथून जाणाऱ्या एखाद्या मुलाला काय दिसलं असेल? स्टेशनचे कंदील, गाठोडी घेऊन पळणारी माणसं, मग पुन्हा अंधार. त्या अंधारात, वर्ध्यापासून पाचेक मैलांवर, शेगाव नावाचं खेडं होतं. तिथं माणसं झोपली होती, गुरं रवंथ करत होती.

आता स्वतःकडे वळा. आपणही लहानपणी कुठं कुठं नेले गेलो आहोत: तीर्थाला, लग्नाला, बदलीच्या गावाला. तिकीट दुसऱ्यानं काढलं, वाट दुसऱ्यानं ठरवली. त्यातलं एक ठिकाण निवडा. तिथं तुम्ही होतात हे खरं. तिथलं काय तुमच्यात उतरलं? उत्तराची ओढाताण करू नका. प्रश्न मनात राहू द्या.

मॅडेलिनकडे परत येऊ. पंधराव्या वर्षी बेथोव्हेनचं संगीत तिच्या आयुष्यात आलं होतं. त्या संगीताचा माग काढत ती बेथोव्हेनवर लिहिणाऱ्या रोमाँ रोलाँ यांच्यापर्यंत स्वित्झर्लंडला पोचली. त्यांनी तिला गांधीजींबद्दल सांगितलं, त्यांच्यावर स्वतः लिहिलेल्या पुस्तकाबद्दल सांगितलं. तिनं ते वाचलं आणि ठरलं: जायचं. बोटीचं तिकीटही काढलं.

इथं आपल्याला सगळ्यात जास्त वेळ थांबायचं आहे, कारण इथं ती थांबली. तिकीट हाताशी होतं, समुद्राची वाट माहीत होती, अडवणारं कोणी नव्हतं. तरी तिला जाणवलं की आपण अजून तयार नाही. तिनं प्रवास वर्षभर पुढं ढकलला. त्या वर्षात मांस आणि मद्य सोडलं. सूत कातायला, विणायला शिकली. जमिनीवर मांडी घालून बसायची आणि जमिनीवर झोपायची सवय केली. उर्दूचे धडे घेतले, गीता वाचली, स्वित्झर्लंडच्या शेतांवर राबून पाहिलं.

एकेक गोष्ट सावकाश नजरेखालून जाऊ द्या. तिशी ओलांडलेलं, खुर्चीला सरावलेलं शरीर जमिनीवर बसायला शिकतं आहे. गुडघे दुखत असतील. धागा तुटत असेल, पुन्हा जोडावा लागत असेल. या कशालाच पैसा उपयोगी नाही. दोन देशांमधला समुद्र पैशानं ओलांडता येतो. या दुखण्यातून मात्र स्वतःच जावं लागतं, आणि कोणा नोकराला आपल्या वतीनं पाठवता येत नाही.

25 ऑक्टोबर 1925 ला ती निघाली आणि 6 नोव्हेंबरला मुंबईला पोचली. तोच सुएझ, तेच एडन. आता गेटवे बांधून पुरा झाला होता. तिला मुंबई पाहायची नव्हती. रात्रीच्या गाडीनं ती निघाली आणि 7 तारखेला सकाळी अहमदाबादला उतरली. गांधीजींच्या साबरमती आश्रमात तिची मीराबेन झाली.

तरी सामान एका दमात सुटत नाही, हेही पाहून घ्या. 1931 साली गोलमेज परिषदेसाठी गांधीजी ‘राजपुताना’ बोटीनं लंडनला निघाले, तेव्हा मीराबेन बरोबर होत्या. मंडळींनी ट्रंका, पेट्या भरून घेतल्या होत्या. बापूंच्या ते लक्षात आलं, त्यांना फार वाईट वाटलं, आणि नको असलेलं सामान एडनहून परत पाठवण्यात आलं. आश्रमात सहा वर्षं काढल्यावरही पेटी पुन्हा भरली जाते. म्हणून आपली पेटी भरलेली दिसली तर खचू नका. काय काढता येईल ते पाहा.

आणि आता वर्धा. गांधीजी इथं राहायला आल्यावर मीराबेननी खेड्यात काम धरलं: आधी जवळच्या सिंदी गावात, मग शेगावात. माणसांनी उघड्यावर केलेली घाण उचलणं, पाण्याची स्वच्छता, आजाऱ्यांची विचारपूस, असं रोजचं काम. शेगावला धड रस्ता नव्हता. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पाय धरून ठेवी. हिवताप घरोघरी असे. तो बापूंनाही झाला. 30 एप्रिल 1936 ला, वैदर्भीय उन्हाळ्याच्या दिवसांत, गांधीजी स्वतः शेगावात राहायला आले. पुढं टपालात दुसऱ्या शेगावाशी घोटाळा होऊ लागला, म्हणून 1940 मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं.

त्या गावाचे मालगुजार जमनालाल बजाज. त्यांचीही गोष्ट याच मननात बसते. राजस्थानात सीकरजवळच्या खेड्यात जन्मलेलं हे मूल चार-पाच वर्षांचं असताना वर्ध्याच्या शेठ बच्छराजांच्या घरी दत्तक आणलं गेलं. त्या वयात त्याला कोण विचारणार? पण सतराव्या वर्षी, दागिने घालण्यावरून झालेल्या बोलण्यानंतर, या मुलानं बच्छराजांना, म्हणजे दत्तक आजोबांना, पत्र लिहून सगळ्या संपत्तीवरचा हक्क सोडला. आजोबांनी समजावून त्याला परत आणलं. त्यानंतर तीच संपत्ती त्यानं विश्वस्ताच्या भावनेनं सांभाळली. श्रीमंत घरातली दोन मुलं, दोन वेगळ्या वाटांनी इथं आली आणि एकाच कामाला लागली.

सेवाग्रामला गेलात तर बापूकुटीत थोडा वेळ बसा. ही कुटी आधी मीराबेनची होती. बापू तिथं नंतर राहायला आले. मातीच्या भिंतीवर मीराबेननी हातानं उठवलेली ताडाची झाडं आणि चरखा पाहा. मिल्टन हीथमध्ये वाढलेल्या बोटांनी वर्ध्याची माती मळून ते केलं आहे. त्या मातीला हात लावण्याआधी किती काय सोडावं आणि शिकावं लागलं, ते आठवा.

मघाशी निवडलेलं तुमचं ठिकाण पुन्हा मनात आणा, जिथं तुम्हाला कोणी नेलं होतं. तिथं आता स्वतः जायचं ठरवलं, तर आधी काय शिकावं लागेल? तिथली बोली? तिथल्या कामाचा एखादा भाग? तिथल्या माणसांची नावं? त्यातली एकच गोष्ट घ्या आणि आजपासून तिला रोज थोडा वेळ द्या. तिकीट नंतर काढता येईल. लहानपणी कुठं नेलं जातं यावर आपली सत्ता नसते. पण ज्या माणसांमधून आपण नुसते निघून गेलो, त्यांच्यात पुन्हा जाऊन राहण्याची तयारी कोणत्याही वयात सुरू करता येते.