पोसलेल्या पक्ष्याची पारध

मागील हिवाळ्यात अटन करीत असता अहेरीजवळच्या एका गावी एका वासनिकाच्या घरी भिक्षा झाली. हात धुऊन ओसरीवर बसलो, तो अंगणात दोन डालगी उपडी ठेवलेली दिसली. एकेका डालग्याखाली एकेक कोंबडा होता आणि दोघे परस्परांस दिसू नयेत म्हणून मध्ये पोत्याचा आडोसा केला होता. घर उपदेशी, तेथे चुलीवर मांस चढत नाही हे ठाऊक असल्याने सहज विचारले, "हे कशास?" यजमान क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "बाबा, धाकटा पोरगा नेतो. कोंबड बाजारात."

पुढे त्यांनीच प्रश्न केला. "आम्ही त्याला कापत नाही, खात नाही. लेकरासारखा पोसतो. झुंजणे हा तर त्याचा स्वभावच. मग यात दोष कोणता, बाबा?" मी तेव्हा दिलेले उत्तर माझे मलाच अपुरे वाटले. तो प्रश्न वर्षभर मनात घोळत राहिला, म्हणून हे लिहीत आहे.

ज्या वाचकांनी कोंबड बाजार पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. प्राणहितेच्या दोन्ही तीरांवर ही झुंज चालते. सुगी आटोपली की गावाबाहेर, झाडीच्या आड माणसे गोळा होतात. सारख्या अंगलटीचे दोन कोंबडे जुळवितात आणि त्यांच्या पायाला धारदार काती दोऱ्याने बांधतात. भोवती रिंगण धरले जाते, पैसा लागतो. बहुधा काही क्षणांतच एक कोंबडा रक्तबंबाळ होऊन पडतो आणि तो जिंकणाऱ्याच्या मालकीचा होतो. आपल्या मार्गात सप्त व्यसने वर्ज्य सांगितली आहेत. त्यांतील द्यूत आणि पारध ही दोन येथे एकाच रिंगणात उतरतात.

राजशासनानेही या दोहोंचे नाते ओळखलेले दिसते. प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० सालचा. त्याच्या अकराव्या कलमात प्राण्यांची झुंज लावणे व त्यासाठी जागा चालविणे हा अपराध ठरविला आहे आणि त्याला लागूनच दुसरा अपराध सांगितला आहे. बंदिवासातून सोडलेल्या प्राण्यांवर गोळी झाडण्याच्या स्पर्धा भरविणे अथवा तीत भाग घेणे, हा तो अपराध. पहिल्या अपराधास दंड ठेवला तो १० ते ५० रुपयांचा! इतक्या रकमेची पैज तर रिंगणाबाहेर उभा असलेला पोरही लावतो. रानातल्या पक्ष्यांचे म्हणाल, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात आरंभी शिकारीचे परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीने ती परवानापद्धतीच काढून टाकली.

त्यामुळे बंदुकीसाठी पक्षी वाढविण्याचा व्यवसाय आपल्याकडे रुजला नाही. इंग्लंडात मात्र तो मोठा आहे. तेथे फेझंट नावाच्या पक्ष्याची पिले यंत्रात उबवितात, जाळीच्या कुंपणात दाणा घालून वाढवितात आणि मग राईत सोडतात. ती दूर जाऊ नयेत म्हणून तेथेही दाणा टाकीत राहतात. १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी हा शिकारीचा हंगाम. हाकारे काठ्या आपटीत त्यांना उठवितात आणि पलीकडे बंदुका रांगेने उभ्या असतात. असे काही कोटी पक्षी दरवर्षी सोडले जातात. त्या शिकाऱ्यांचा युक्तिवाद आणि आमच्या यजमानांचा युक्तिवाद मुळात एकच आहे : आम्ही वाढविले नसते तर हा जन्मलाच नसता, जितके दिवस जगला तितके दिवस सुखात जगला.

हे म्हणणे वरवर बिनतोड वाटते. परंतु जीव हा अनादि पदार्थ होय, असे आपले शास्त्र सांगते. उबवणीच्या यंत्राने देह सिद्ध झाला असेल, जीव निर्माण झाला नाही. ज्याला आपण निर्माण केले नाही त्याच्या नाशाचा अधिकार आपल्याला कोठून आला? अंडे माझे, दाणा माझा, डालगे माझे, येथवर ठीक. त्या डालग्याखाली कर्म भोगण्यासाठी आलेला जीव मात्र माझा नव्हे.

स्वभावाची गोष्ट घ्यावी, तर रानातले कोंबडेही झुंजतात. आपल्या झाडीत लाल रानकोंबडा आहे. गावातला कोंबडा त्याच्याच कुळातला. पण रानात हरणारा पळून जातो आणि तेथेच झुंज संपते. पळणे हाही त्याचा स्वभावच आहे. रिंगण धरून माणसाने त्याचे पळणे काढून घेतले, निसर्गाने न दिलेले पाते पायाला बांधले, आणि वर स्वभावाचे नाव पुढे केले.

येथे कोणी म्हणेल की या भागातील माडिया बांधवही पारध करतात. हिंसा ती हिंसाच; आपला आचार तिला मान्यता देत नाही. तरीही भेद सांगितला पाहिजे. भुकेने रानात गेलेल्या माणसावर त्या सावजाने कधी विश्वास टाकलेला नसतो. ते त्याच्या हातचे खाऊन वाढलेले नसते. आपण शहाणे लोक त्याला चटकन दोष देतो. मध्यप्रांताच्या काळात ह्याच जंगलांत परवाने घेऊन हौसेने बंदुका चालविणाऱ्यांची छायाचित्रे मात्र कौतुकाने पाहतो.

सर्वज्ञांची सशाची लीळा आपणां सर्वांना ठाऊक आहे. कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा स्वामींच्या जानूखाली येऊन दडला. मागोमाग आलेल्या पारध्यांनी तो मागितला, आणि कारण सांगितले ते भुकेचे नव्हे, पैजेचे. पैजेपायी सुऱ्या उपसण्याची वेळ आली होती. स्वामींनी ससा दिला नाही; शरण आलेल्याला मरण नाही, हा त्या प्रसंगाचा आशय. पारध्यांना निरूपण करून त्यांना हिंसेपासून परावृत्त केले, आणि मग जानू उचलून सशाला, एखाद्या महात्म्याला संबोधावे तसे संबोधून, जाऊ दिले.

ही लीळा मी शेकडो वेळा ऐकली, सांगितली. त्या अंगणातील डालग्यांमुळे तिचा एक भाग नव्याने ध्यानात आला. तो ससा रानचा. स्वामींच्या आश्रयाला तो काही क्षणच होता, आणि तेवढे पुरेसे मानले गेले. डालग्यातला कोंबडा अंड्यातून निघाल्यापासून आश्रयालाच आहे. धन्याची चाहूल लागली की तो भिऊन पळत नाही, जवळ येतो. म्हणून त्याला पायाशी धरून काती बांधता येते. येथे जानूखाली घेणारा आणि सुरी काढणारा एकच आहे. पोसण्याने ऋण चढते. आमच्या यजमानांनी ते हक्काच्या खात्यात मांडले होते.

एक गोष्ट स्वतःविषयीही सांगितली पाहिजे. मागल्या साली जिंकलेल्या पैशात त्या घरावर नवी कवेलू चढली होती, हे मला भिक्षा झाल्यावर कळले. म्हणजे मी त्याच सावलीत बसून जेवलो होतो.

यंदा पुन्हा त्या गावी जाणे झाले. वरील सर्व विचार यजमानांना सांगितला. त्यांनी वाद घातला नाही. म्हणाले, "मग आता या दोघांचे काय करू? रानात सोडू?" मी म्हटले, "हातचा दाणा खाल्लेला पक्षी रानात चार दिवस टिकणार नाही. मुंगूस नाही तर कोल्हा नेईल." "विकू?" "घेणारा कशासाठी घेईल, ते आपण जाणता." ते थांबले. मग म्हणाले, "म्हणजे मरेपर्यंत पोसायचे. किती वर्षे, बाबा?" मी सांगितले, पाच-सात वर्षे तरी. धाकटा मुलगा दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होता. तो काही बोलला नाही. उठून त्याने डालग्यांपुढच्या वाट्यांत पाणी तेवढे घातले.