ओढ आणि ओढणं

बैलगाडीखालून चालणाऱ्या कुत्र्याला वाटतं, गाडी आपणच ओढतो आहोत. ही गोष्ट आपल्याकडे वर्षानुवर्षं सांगितली जाते. पण ती सांगणारा स्वतः बहुधा गाडीत बसलेला असतो, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. बैलाला विचारायची पद्धत नाही आणि कुत्र्याची बाजू ऐकून घ्यायचा तर प्रश्नच नाही. मला मात्र खरोखर ओढणारी कुत्री पाहायला मिळाली, आणि तेव्हापासून एक प्रश्न पाठीस लागला आहे: दुसऱ्याला जुंपणं केव्हा न्यायाचं आणि केव्हा अन्यायाचं? बी. कॉम.ला तत्त्वज्ञान हा विषय नसतो. आम्हाला फक्त नावे आणि जमा.

झालं असं, की माझा भाचा केंब्रिजला असतो. बँकेच्या प्रवास-सवलतीत इंग्लंड बसत नाही; भाच्याच्या तिकिटात बसलं. नोव्हेंबरातल्या एका रविवारी पहाटे त्याने मला गदागदा हलवून उठवलं. "मामा, चला. कुत्र्यांची शर्यत आहे." थेटफर्डचं जंगल तिथून गाडीने तासाभरावर. इंग्लंडात सदान्‌कदा पाऊस अशी माझी समजूत होती, पण हा त्या देशातला कोरडा मुलूख, जमीन रेताड. जंगलातली पाइनची झाडंही पहिल्या महायुद्धानंतर सरकारने लावलेली, म्हणून मोठे साहेब तपासणीला आल्यावर स्टाफ उभा राहतो तशी रांगेत उभी.

बर्फावर स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांना बर्फ नसतानाही सराव हवा, त्यातून कोरड्या जमिनीवरच्या या शर्यती वाढल्या. कुणाकडे तीनचाकी गाडा, कुणाकडे सायकल, कुणाकडे पायाने रेटायची स्कूटर. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही तो स्वतः धावतो. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोनेक मीटरची ताणली जाणारी दोरी आणि दोरीच्या टोकाला कुत्रा. याला कॅनीक्रॉस म्हणतात. कुत्र्याच्या गळ्याला फास बसत नाही. ओढ छातीखांद्यांवर वाटली जाईल असा साज त्याला घालतात. इतकी काळजी घेऊन शिवलेला कोट मला लग्नातसुद्धा मिळाला नव्हता.

स्पर्धक एकामागून एक ठरावीक अंतराने सुटतात. सुटण्यापूर्वी ती हस्की कुत्री जो काही आक्रोश करतात! उड्या मारतात, दोरी चावतात, दोन दोन माणसांना आवरत नाहीत. आणि एकदा सुटली की चिडीचूप. नुसता पावलांचा आवाज. आमच्या बँकेत बरोबर उलटं आहे. काम नसेपर्यंत शांतता, काम आलं की आरडाओरडा.

कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो गार होतो. म्हणून शर्यती थंडीच्या दिवसांत, सकाळी लवकर. हवा उबदार किंवा दमट असली तर अंतर कमी करतात, नाहीतर शर्यतच रद्द. मे महिन्यात वीज गेली म्हणून आमचं काउंटर रद्द झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

तेवढ्यात एक कुत्रा वाटेतच एका झुडपापाशी बसला. मागचा गृहस्थ धापा टाकत उभा राहिला. त्याने लाडीगोडी लावली, हातवारे केले. कुत्रा झुडूप हुंगत राहिला. मी म्हटलं, "ओढा की त्याला!"

भाचा म्हणाला, "मामा, तसं चालत नाही. कुत्र्याने माणसाला ओढायचं. माणसाने कुत्र्याला ओढायचं नाही. नियम आहे."

या एका नियमाने मी गार झालो. आपल्या भाषेत 'ओढणं' म्हणजे कष्ट आणि 'ओढ' म्हणजे जीव लागणं. शब्द एकाच घरातले, पण दोघांचं येणंजाणं नाही. संसाराचा गाडा ओढतात. ओढ माहेरची लागते. इथे मात्र ओढ आहे म्हणूनच ओढणं चाललं होतं, आणि ओढ संपली की ओढणंही थांबत होतं.

आता तुम्ही म्हणाल, कुत्र्याला ओढायची हौस लावली कुणी? रास्त प्रश्न आहे. सायबेरियातल्या चुक्ची लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या चांगली ओढणारी कुत्री निवडून त्यांचीच पैदास केली. म्हणजे हौसही माणसाच्या सोयीची! पण तसं पाहिलं तर आमच्या घराण्यात तीन पिढ्या कारकून. हिशेब पैशाला पैसा जुळला की मला होणारा आनंद माझा, की आजोबांचा? हौसेचं उगमस्थान शोधायला गेलं तर कुणाचीच हौस ऑडिटमधून पास होणार नाही.

याच इंग्लंडने १८३९ साली लंडनमध्ये आणि १८५४ साली देशभर, रस्त्यावर कुत्र्यांना गाडीला जुंपायला कायद्याने बंदी केली. तेव्हा फेरीवाले कुत्र्यांकडून माल ओढून घेत. कुत्रा तोच, दोरी तीच. फरक इतकाच, की त्या कुत्र्याला झुडपापाशी बसायची सोय नव्हती. आपल्याकडे हाच खटला बैलांचा चालला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यती थांबवल्या, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्यांना अटींवर परवानगी दिली आणि २०२३ साली घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. चाबूक नाही, काठी नाही, विजेचा झटका नाही. शर्यतवाले सांगतात, बैलाला पळायची हौसच असते. असेलही. मी एवढंच विचारतो: तो मधेच बसला तर?

ही कसोटी मला पटली. हौस कुणी लावली ते शोधू नये; बसला तर काय होतं ते पाहावं. आमच्या शेजारचा मुलगा अकरावीत आहे. पहाटे सहाला क्लास, संध्याकाळी क्लास. वडील कौतुकाने सांगतात, "आम्ही काही म्हणत नाही हो, त्यालाच आवड आहे." हा मुलगा एखाद्या सकाळी झुडपापाशी बसला तर वडील दोरी धरून उभे राहतील, की ओढू लागतील?

आणि आमच्याच घरात, हिला स्वयंपाकाची भारी हौस असं माझी आई म्हणते, मुलं म्हणतात, पाहुणे तर ताटावर बसल्या बसल्या म्हणतात. वीस वर्षं ही साडेपाचला उठते. हौस असेलच, पुरणपोळी करताना तिचा चेहरा मी पाहिला आहे. तरी कसोटी ती कसोटी. परवा रात्री जेवणं व्हायची होती, ही घटकाभर टेकली होती, तेव्हा मी तिला थेटफर्डचा तो नियम समजावून सांगितला आणि विचारलं, "समज, तू एक दिवस अशीच मधे बसलीस, तर काय होईल गं या घराचं?"

"आधी मला बसून तर बघू दे," ती म्हणाली, आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून उठली.